दोन कड्यांची पेटी

रविवारी सकाळी चेन्नईच्या आवडी उपनगरातून निघालो तेव्हा माझ्याजवळ एक भलीमोठी काळी पेटी होती आणि तिच्यात जुन्या शर्टांत गुंडाळलेला ड्रोन. लोकल जवळजवळ रिकामी होती. समोरच्या बाईंनी पाय आखडून घेतले, पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मी हसलो. वर्ष उलटून गेलं तरी तमिळमध्ये मला एवढंच चांगलं जमतं.

कारखान्यांच्या छपरांची ड्रोननं पाहणी करणं हे माझं काम. ते दोघांचं काम आहे. एकानं पडद्यावर डोळे लावून ड्रोन उडवायचा आणि दुसऱ्यानं आकाशाकडे बघत राहायचं, कारण इथल्या घारी ड्रोनला अजिबात खपवून घेत नाहीत. आकाशाकडे बघणारा प्रणव मध्यंतरी नाशिकला नवी नोकरी धरून गेला. तो होता तेव्हा ड्रोनची पेटी माझ्याकडे आणि बॅटऱ्या-रिमोटची त्याच्याकडे असायची. पुण्याच्या ऑफिसनं आता सांगितलं होतं, की एकट्याला झेपत असेल तर बघ, नाहीतर ड्रोन बंगळुरूच्या टीमला देऊ आणि तू इथं येऊन टेबलावर बस. टेबलाचा नुसता विचारही मला नको वाटतो. म्हणून सगळं सामान एकाच पेटीत बसवायचं आणि सोमवारी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यावर एकट्यानं काम करून दाखवायचं, असा बेत होता. त्यासाठी घेतलेल्या या नव्या पेटीतला फोम मी घरीच कापायला गेलो आणि त्याची पार वाट लावली. शेवटी घरमालकांनी मैलापूरच्या एका पेटीवाल्याचं दुकान सुचवलं.

सेंट्रलला उतरून पार्क टाउनहून दुसरी गाडी धरली. मैलापूरचं स्टेशन केवढं अवाढव्य, आणि त्यात माणसं केवढी थोडी! बाहेर एका मेसमध्ये शिरलो. वाढप्यानं विचारलं, "ओरुत्तरा?" (एकटेच?) हा शब्द मात्र मला पहिल्या आठवड्यापासून कळतो. पोंगल (मिरी घातलेली तांदूळ-मुगाची मऊ खिचडी) गरम होता आणि तुपानं निथळत होता. समोरच्या खुर्चीवर मी पेटी ठेवली होती.

दुकान निघालं वाद्यांच्या पेट्यांचं. भिंतीला टेकून वीणेच्या लांबलचक पेट्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये एक म्हातारे गृहस्थ मखमल कापत बसले होते. माझ्या पेटीचा खटका अडकला. "उघड गं बाई," मी पुटपुटलो.

"मराठी की तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं भास झाला. पण हे गृहस्थ, सेतुराव, तंजावूरचे मराठी होते. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात काढलेलं त्यांचं मराठी जुन्या वळणाचं होतं आणि हेल तमिळ होता.

"घरांत आम्ही मराठीच बोलतों," ते म्हणाले. "नातवंडं तमिळच. हें काय वाद्य?"

"वाद्य नाही. उडतं."

"आवाज होतो की?"

"होतो. घूं घूं."

"मग वाद्यच. संध्याकाळीं या."

दिवसभर कुठं जायचं? कपालीश्वराच्या देवळाच्या तळ्याशी जाऊन बसलो. पायऱ्यांवर एक कुटुंब एकाच डब्यातून दहीभात खात होतं. मी प्रणवला फोन केला. मागं भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. "जेवतोय रे, मग करतो," तो म्हणाला. त्यानं मग केला नाही. मला त्याचा राग आला नाही, नुसतं वाईट वाटलं. पाण्यातले मासे बघत बसलो.

संध्याकाळी सेतुरावांनी पेटी उघडून दाखवली. फोमवर लाल मखमल. ड्रोन, रिमोट, पंखे, बॅटऱ्या, प्रत्येकाला आपापला खळगा. चोख काम! मखमलीचे तंतू मोटरमध्ये जातील अशी कुरकुर करायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझी नजर बाहेरच्या बाजूला गेली. मधली मूठ त्यांनी काढून टाकली होती आणि दोन्ही टोकांना दोन पितळी कड्या ठोकल्या होत्या.

"हे काय केलंत?"

"वीणेची पेटी अशीच. दोघं मिळून उचलायची."

"पण मी एकटाच आहे."

"आज एकटे. कामाला कोण येतात?"

"कोणी नाही."

मी उपाशी असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सरि (बरं). मधली मूठ परत लावतों. उद्या या की."

उद्या तर गुम्मिडिपूंडी होतं. त्यांनी एक टोक उचललं, मी दुसरं, आणि आम्ही पेटी रिक्षापर्यंत नेली. वाटेत त्यांनी माझ्या गावाचं नाव विचारलं आणि दोनदा म्हणून पाहिलं.

सेंट्रलच्या पायऱ्यांवर मी पेटीशी झटापट करत होतो, तेव्हा ती अचानक हलकी झाली. वेष्टी (लुंगीवजा पांढरं धोतर) नेसलेल्या एका गृहस्थांनी दुसरी कडी धरली होती. त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं. माझ्या पावलाशी पाऊल जुळवत ते वरपर्यंत आले. पेटी खाली ठेवून म्हणाले, "वीणैया?" (वीणा आहे का?)

"आमा," (हो) मी म्हणालो. हे खोटं बोलताना मला फार बरं वाटलं.

आवडीला उतरलो. पेटी फलाटावर ठेवली आणि एक कडी धरून उभा राहिलो. गर्दी पांगली, गाडी गेली. तेव्हा लक्षात आलं, की मी दुसरी कडी कुणीतरी धरेल म्हणून थांबलो होतो. बाकावर बसलो आणि ऑफिसला मेसेज टाकला: सामान एका पेटीत बसलं आहे, पण काम दोघांचं आहे. माणूस द्या, नाहीतर ड्रोन बंगळुरूला पाठवा.

उत्तर यायच्या आधीच मी पेटी कवेत घेतली आणि न थांबता पुलाचा जिना चढून गेलो. ती मला एकट्याला झेपली, हे मात्र ऑफिसला कळवलं नाही.