रिकाम्या जागेवरची फुंकर

खामगावात कापसाच्या जिनिंग मिलच्या मागे एका मिस्त्रींचं वर्कशॉप होतं. तिथलं लोखंड तासायचं जुनं मिलिंग मशीन मला घरच्या शेडसाठी विकत हवं होतं. मी विषय काढला, की ते डोळे मिटून त्याचं हँडल हळूहळू फिरवत, लोखंडाचा कीस फुंकरीनं उडवत आणि म्हणत, "घाई काऊन करून राह्यले भाऊ? हातातलं काम सरू द्या."

काम काही सरेना. शेवटी दसऱ्याला त्यांनी मशीनला झेंडूची माळ घातली. "हिची पूजा झाली. आता न्या."

दिवाळीत भेटायला गेलो. मशीनच्या रिकाम्या जागेपाशी उभे राहून, डोळे मिटून, ते हवेतच हात फिरवत होते. मग थांबले. वाकून हलकेच फुंकर मारली.

कीस अंगावर येईल म्हणून मी मागे सरलो.