निळा धागा, पिवळा धागा

फोनवर नसीम मॅडमचं नाव दिसलं, म्हणून मी सवयीनं म्हणालो, "बोला मॅडम." पलीकडे त्यांचे अब्बा होते. "सर, नसीम गेली आपली..." एवढंच. त्या आजारी होत्या, आठवड्यापूर्वी दवाखान्यात भेटलोही होतो. तरी घनसावंगीच्या स्टँडवर भरलेली जीप समोरून निघून गेली आणि मी तिथंच उभा राहिलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

जालन्याच्या आमच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या, मी वनस्पतिशास्त्र. वीस वर्षं आमच्या प्रयोगशाळांची भिंत एक. एकदा त्या माझा जुना सूक्ष्मदर्शक मागायला आल्या. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची करडी फिल्म त्यांनी सोलून आणली होती. तिचा एक तुकडा नमुन्याखाली, दुसरा वर, एकमेकांना आडवे. सगळं काळं झालं. मग मधे कांद्याची वाळकी साल सरकवली आणि त्या काळोखात सालीतले बारीक स्फटिक लखलखले. "ज्याची आतली ठेवण शिस्तीची असते ना सर, ते उजेडाला वळवतं. तेवढंच दिसतं," त्या म्हणाल्या. जन्मभर कांदा शिकवूनही मी तो असा कधी पाहिला नव्हता.

तिथून त्या कापसावर गेल्या. त्यात नवल नव्हतं. अब्बा टेंभुर्णीचे पिंजारी, गाद्या-उशा भरणारे. मॅडमनी पारदर्शक चिकटपट्टीचे थर मधे घातले, तेव्हा धाग्यांना रंग आले. पक्क्या बोंडाचा जाड भिंतीचा धागा पिवळा, कच्च्याचा पातळ धागा निळा. अब्बा मात्र हे नुसतं चिमटीत धरून सांगायचे. मॅडमनी एका रविवारी मला टेंभुर्णीला नेलं. कापसाच्या नमुन्यांच्या पाकिटांवर आकडे घातले आणि अब्बांना डोळे मिटायला सांगितलं. त्यांची सगळी उत्तरं सूक्ष्मदर्शकाशी जुळली, एक सोडून. त्या नमुन्याला ते कच्चा म्हणाले, मॅडमना पिवळा, म्हणजे पक्का दिसला होता. मॅडमनी तो पुंजका विस्कटून पुन्हा ठिकठिकाणी पाहिला. बहुतेक धागे निळे होते.

"अब्बा, मी चुकले."

"चुकली कुठं? थोडं पाह्यलं तू. मी सगळं चाचपून राह्यलो होतो."

यावर मॅडमनी शोधनिबंध लिहिला, लेखकांत अब्बांचं नाव घालून. संपादकांचं पत्र आलं, हाताच्या अंदाजाचा भाग आणि ते नाव वगळा, लगेच छापतो. मॅडमची बढती त्या निबंधावर अडली होती. मीच म्हणालो, "वगळा की. अब्बांना काय कळणार आहे?" त्या माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या, त्याही दिवशी चिडल्या नाहीत. "आधी अब्बांनी ओळखलं, मंग मी पाह्यलं. उलटं कसं लिहू सर?" निबंध परत आला. बढती दुसऱ्याला मिळाली. दीड वर्षानं एका लहानशा नियतकालिकानं तो जसाच्या तसा छापला. अब्बांना उर्दूच वाचता येते. मॅडमनी त्यांच्या नावाखाली पेन्सिलीनं उर्दूत नाव लिहून दिलं. अब्बांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही... माझ्या त्या सल्ल्याची मला अजून लाज वाटते. ती मॅडमजवळ बोलून दाखवायची राहून गेली.

मॅडम गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी टेंभुर्णीला गेलो होतो. अब्बा ओसरीवर मॅडमची उशी उसवून बसले होते. कापूस दबून ढेकळं झाली होती. ते एकेक ढेकूळ बोटांनी मोकळं करत होते, घाई बिलकुल नव्हती.

"बारा वर्सं झाली भरून," ते म्हणाले. "कधी म्हनली न्हाई, अब्बा, कडक झाली म्हनून."

मी शेजारी बसलो. त्यांनी थोडा कापूस माझ्याकडे सरकवला. मोकळा कसा करायचा ते एकदा दाखवलं आणि आम्ही दोघं करत राहिलो.