उदाहरनाले मी

"उठ रे. ती पेटी डोक्यावर घे."

मास्तरानं म्हटलं अन् मी उठलो. पुस्तकायची लोखंडी पेटी. डोक्यावर घेऊन वर्गभर फिरवलं मले. मास्तर पुन्याचे. इंग्रजी शब्दायचे लॅटिन, ग्रीक धातू शिकवत. म्हने, "पोर्ट म्हणजे वाहणे. एक्सपोर्ट, इम्पोर्ट, पोर्टर. हा पाहा, धातूच चालत आलाय." वकिलायचे, कारकुनायचे पोट्टे खदखदा हासले. सारे माह्यापेक्षा लहान. मीबी हासलो. त्याचीच लाज अजून जात नाही.

मी अमरावतीच्या कापूसबाजारात हमाल. जातीनं माळी, बाप भातकुलीले वांगे लावे. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस बंद झाला अन् इकडं वऱ्हाडच्या कापसाले सोन्याचं मोल आलं. गठानी वाहून वाहून मान आखडली. त्या गठानीवर इंग्रजीत काय लिहिते, ते आपल्याले वाचता यावं, एवढंच मनात होतं. बाजारात कापूस घेनाऱ्या गोऱ्या साहेबानं शाळेसाठी चिठ्ठी देल्ली, म्हनून मास्तरानं सकाळच्या वर्गात दाराजवळ बसू देल्लं.

मंग ते रोजचंच झालं. पेड म्हनजे पाय, तर भेगा पडलेल्या टाचा दाखव. मॅन्यू म्हनजे हात, तर घट्टे दाखव. डोर्स म्हनजे पाठ, तर सदरा वर कर. सकाळी हे, अन् मंग दिवसभर गठानी. थकून गेलो होतो, बाप्पा. पन एक धातू इसरलो नाही. इसरू कसा? साऱ्या अंगावर शिकलो होतो.

एक दिवस मास्तर म्हने, "डिक्ट म्हणजे बोलणे." मी सवयीनं उठलो. त्यायनं हात झटकला.

"तू बस. ह्याला तू कशाला?"

अन् वकिलाच्या पोराले उभं केलं.

लय राग आला. वाहाले मी, पायाले मी, पाठीले मी. बोलाले नाही?

"नाही बसत," मी म्हटलं. "याचंबी उदाहरन मीच."

"साहेबाची चिठ्ठी फाडीन."

"फाडा. भेव काहून दाखवता?"

मंग दारातूनच सारे धातू म्हटले. एकेकाचे शब्द म्हटले. कोनी हासलं नाही. मी पेटीकडं बोट केलं. "आता हे तुमीच उचलजा."

चिठ्ठी फाटली. वर्गातली जागा गेली. त्या जागेचं दुख अजून हाय, खोटं कशाले बोलू? गठानी आजबी उचलतो. पाठ ठनकते. पन दुपारी भाकर खाल्ली का कोळसा घेतो अन् भुईवर अक्षरं काढून हमालायले शिकवतो. पहिला धातू डिक्ट. कोनाले उदाहरन म्हनून उभं करत नाही. ज्याले बोलाचं, तो आपल्या पायानं उठते. अन् उठलेल्या मानसाले 'बस' म्हननारा कोनीबी असो, त्याच्यासमोर मी उभा राहीन.