देवाला बोललेले केस

पहिल्या बाळंतपणानंतर माझे केस असे गळायला लागले की विचारू नका. कंगव्यात केस, उशीवर केस, बाळाच्या मुठीत केस, आणि एकदा तर नवऱ्याच्या रसमात. त्यांनी तो दोन बोटांनी वर काढला, उजेडात धरून पाहिला, ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढे जेवू लागले. एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

पण गळणाऱ्या केसांचं मला वाईट वाटायचं नाही. किंवा वाटायचं, आणि लगेच वाटायचं, आता वाईट वाटून काय उपयोग? नाहीतरी सगळे जायचेच आहेत. ते असं का, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

मी सांगलीकडची. पन्नासच्या दशकात लग्न होऊन तंजावरला, राजवाड्यामागच्या गल्लीत आले. माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथली, पण घरात मराठी, म्हणून वडिलांनी निश्चिंत मनानं मला दिलं. पण ते मराठी! आमच्या ‘गं’ला तिथे ‘गे’. ‘मी येते’ नाही, ‘मी येतें’, तेही नाकातून. टॉवेलला तुंडू, ओसरीला तिण्णै. मराठी कुठे संपलं आणि तमिळ कुठे सुरू झालं हे त्यांचं त्यांनाही कळायचं नाही, तर मला कुठून कळणार? मी आपली अंदाजानं समजून घ्यायची. विचारलं की सगळे हसायचे, आणि मला कुणी हसलेलं मुळीच खपत नाही. त्यामुळे मी विचारणंच सोडून दिलं.

तर बाळंतपण. मुलगी झाली, आणि मग मला ताप भरला तो उतरेच ना. मी आतल्या खोलीत ग्लानीत पडलेली. दाराबाहेर सासूबाई माझ्या नवऱ्याला हळू आवाजात सांगत होत्या, ‘देवाला बोललें आहें. दोघी सुखरूप सुटल्या तर पोरीला वर्ष भरतांना देवळांत नेऊन तिचं जावळ काढूं, आणि हिची पुरी मुंडी देऊं.’

पुरी मुंडी. तापातही ते मला लख्ख ऐकू आलं. मुंडी! मी काय बोकड होते?

बरी झाल्यावर पहिला विचार तोच आला. आमच्याकडे सवाष्ण बाईच्या केसांना कात्री लावायची म्हटली तरी बायका कानांवर हात ठेवतील. इथे माझा नवरा ढळढळीत जिवंत, सायकलवरून रोज कचेरीत जातोय, आणि माझं मुंडण? छे, काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल. मी मनाची समजूत घातली. पण पुढे एकदा पापनाशमला एका लग्नाला गेलो, तर बसथांब्यावर दोन बायका उभ्या. डोकी तुळतुळीत, वर चंदनाचा लेप, कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि शेजारी त्यांचे नवरे केळी खात उभे. मी सासूबाईंकडे पाहिलं. ‘नवस फेडून आल्यात,’ त्या म्हणाल्या, अगदी भाजी निवडताना बोलावं तसं.

झालं. म्हणजे इथे हे चालतं.

त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं, ‘ते नवसाचं करावंच लागेल का?’

‘बोललेला नवस फेडायला नको?’ ते म्हणाले. ‘आणि केसच तर आहेत. येतील परत.’

केसच तर आहेत! मी कूस बदलली ती आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना पत्ताही लागला नाही, कारण बाळ रडत होतं आणि घरात तसंही कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मग मी केसांकडे बघायचंच सोडलं. तेल नाही, फणी नाही. सगळे मागे ओढायचे, गाठ मारायची, वर एक चिंधी. आरशात कुंकवापुरतं बघायचं. लग्नाआधी माझी वेणी कमरेखाली यायची, शाळेत लंगडी खेळताना मी ती पदरासारखी खोचायची. ती मुलगी कोण होती, कुठे गेली, मला काही आठवेना. मी म्हणजे एक दूध आणि दोन हात, एवढंच उरलं होतं.

घरात माझ्या नवऱ्याची आत्या होती. लहानपणीच विधवा झालेली, केशवपन झालेली, विटक्या लुगड्याचा पदर कायम डोक्यावर. सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्या फारशा बोलायच्या नाहीत. एका शुक्रवारी सकाळी त्यांनी मला परसात हाक मारली. ‘बाळीला सासूकडं दे. इकडं ये बैस.’

पाट मांडला होता. वाटीत तिळाचं तेल, मिरी-जिरं घालून तापवलेलं. तिकडे शुक्रवारी बायकांनी डोक्यावर तेल घालून न्हायचं, हा नेम. मी आपली खोबरेल तेलावर वाढलेली, मला त्या तेलाचा वास सहन व्हायचा नाही.

‘नको आत्याबाई,’ मी म्हटलं. ‘कशाला? देवाला तर द्यायचेत.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘देवाला द्यायचे म्हणून वाईट द्यायचे का? चांगले करून दे.’

मला राग आला, असला राग आला! पण बसले. काय करणार? त्यांनी चिंधी सोडली, गाठ सोडवली आणि माथ्यावर कोमट तेल ओतलं.

कसं सांगू? कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणीतरी शिवत होतं आणि त्या शिवण्यात माझ्याकडून काही मागणं नव्हतं. बोटं टाळूवरून कानांमागे जायची, मानेपर्यंत यायची, परत वर. मी रडायला लागले. हुंदके देऊन, नाक ओढत, अगदी लाज सोडून. आत्याबाई थांबल्या नाहीत की ‘काय झालं’ म्हणाल्या नाहीत. मग शिकेकाई, मेथी आणि मूग एकत्र दळलेलं पीठ, त्यात जास्वंदीची पानं चुरडून केलेला बुळबुळीत लगदा. गरम पाणी. आणि शेवटी निखाऱ्यावर सांब्राणी म्हणजे ऊद टाकून, वर बुरडी टोपली पालथी घालून तिच्यावर माझे केस पसरले. धूर केसांतून वर यायचा. मी तिथेच भिंतीला टेकून झोपले. जाग आली तेव्हा सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन समोर बसल्या होत्या. ‘झोपूं दे,’ एवढंच म्हणाल्या.

मग दर शुक्रवारी. केस गळायचे हळूहळू कमी झाले. कपाळाच्या कडेला बारीक बारीक कोवळे केस उगवले, विंचरले तरी उभेच राहायचे. आत्याबाई फणीतलं गुंतवळ काढून त्याची गोळी करायच्या आणि भिंतीच्या भोकात कोंबायच्या. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर काही नव्हतं, आणि तो विचार माझ्या मनात यायचा आणि मी तो ढकलून द्यायची. असा विचार करून मग त्यांच्याकडून केस धुऊन कसे घेणार?

मला आरशात बघावंसं वाटायला लागलं. एक दिवस मी चक्क वेणी घातली. घालता घालता गुणगुणले, मग आपलाच आवाज ऐकून दचकले. नवरा कचेरीतून आला, म्हणाला, ‘अरे वा!’ आणि मला इतका आनंद झाला की पुढच्याच क्षणी मी वेणी पदराआड लपवली. कारण मुलीला वर्ष व्हायला आलं होतं.

इथे माझं डोकंच चालेनासं झालं. केस वाईट होते तेव्हा द्यायला काही वाटत नव्हतं. आता चांगले झाले, माझे झाले, आणि आता द्यायचे? मग त्या आत्याबाईंनी मला कशाला बसवलं पाटावर? मुलीकडे बघितलं की वाटायचं, तुझ्यावरून असे शंभर वेळा ओवाळून टाकीन. ती झोपली की वाटायचं, पण नवस बोलताना मला विचारलं का कुणी? आणि मग वाटायचं, अगं, तुझ्याच जिवासाठी बोलल्या ना त्या? तू मेली असतीस तर केस घेऊन काय करणार होतीस? तेही खरं. एकदा आमटी ढवळता ढवळता मी ठरवलं, नाही म्हणायचं. ताटं वाढेपर्यंत ते बारगळलं. नाही म्हटलं आणि पोरीला काही झालं तर? मी सासूबाईंचा राग राग करायची आणि त्यांच्या कॉफीत साखर बरोबर त्यांना हवी तेवढी घालायची. माझं मलाच कळत नव्हतं मी कुणाच्या बाजूची आहे.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. सासूबाई, नवरा, मुलगी आणि मी. आत्याबाई घरीच. शुभकार्याला त्यांनी यायचं नसे. आदल्या दिवशी त्यांनीच मला न्हाऊ घातलं होतं. बसच्या खिडकीतून भाताची हिरवी शेतं, कालवे, नारळीची झाडं जात होती, आणि मी वेणी पुढे घेऊन दोन्ही हातांनी धरून बसले होते.

देवळाच्या तळ्याकाठी न्हावी बसला होता. आधी मुलगी. तिनं असा हंबरडा फोडला की आजूबाजूचे लोक हसायला लागले. तिच्या डोक्याला चंदन लावून झालं आणि सासूबाई मला म्हणाल्या, ‘बैस गे.’

मी बसले. वेणी सोडली. डोळे मिटून घेतले आणि मान खाली घातली. मला थंडी वाजत होती, भर उन्हात. मागे कात्री वाजली, एकदा. मग काहीच नाही. मी वाट बघत होते.

‘पोदुम अम्मा,’ न्हावी म्हणाला. एव्हाना एवढं तमिळ मला आलं होतं. पोदुम म्हणजे पुरे.

मी डोळे उघडले. तबकात तीन बोटं लांबीची, फुलांच्या शेजारी ठेवलेली एक बट. न्हावी पुढच्या माणसाकडे वळला होता.

‘आणि बाकीचे?’ मी विचारलं.

‘बाकीचे काय?’ सासूबाई म्हणाल्या.

‘बाकीचे केस. पुरी मुंडी बोललात ना तुम्ही?’

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्या हसायला लागल्या. डोळ्यांना पदर लावून, खांबाला धरून. ‘पुरी मुंडी नव्हे गे! पूमुडी! पू म्हणजे फूल, मुडी म्हणजे केस. फुलाएवढी बट. सवाशीण बाईची आम्ही कधीं सगळी काढतों का?’

‘त्या बसथांब्यावरच्या?’

‘त्यांची रीत वेगळी. आमची वेगळी.’

नवराही हसत होता. माझं डोकं फिरलं. ‘तुम्ही हसू नका!’ मी सगळ्यांदेखत ओरडले. ‘तुम्ही म्हणाला होतात, केस येतील परत!’

‘येतीलच की,’ ते म्हणाले. ‘तीन बोटं यायला कितीसा वेळ लागतोय?’

मला हसावं की त्यांना तळ्यात ढकलावं कळेना. मोकळे केस सगळीकडे उडत होते, तोंडात जात होते. माझे केस! सुटले बाई एकदाचे! आणि त्याच वेळी असं वाटत होतं की कुणीतरी मला फसवलंय, वर्षभर रडवलंय, आणि फसवणारं कुणीच नाही.

सासूबाईंचं हसणं अचानक थांबलं. ‘म्हणजे तूं सगळे द्यायला आली होतीस?’

मी उडणारे केस मुठीत गोळा केले.

‘आणि मी ते मागेन, असं तुला वर्षभर वाटत होतं?’

‘हो,’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तेच खरं होतं.

परतीच्या बसमध्ये त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रागावल्या होत्या की दुखावल्या होत्या, मला कळलं नाही. मुलगी मात्र मी मांडीवर घ्यायला गेले तर त्यांच्याकडेच राहिली, चंदन सगळं त्यांच्या पातळाला पुसून.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्याबाई तिण्णैवर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि सगळी हकीकत सांगितली, न्हाव्याची, मुंडीची, नवऱ्याच्या तीन बोटांची. सांगता सांगता मलाच हसू आवरेना. मला वाटलं, त्याही हसतील. त्यांनी माझ्या मोकळ्या केसांतून हात फिरवला, कुठून कापले ते शोधलं, सापडल्यावर ती जागा चाचपली.

‘माझ्या वेळींही न्हाव्यानं पहिल्यांदा एवढीशीच कापली होती,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्याहून लहान होतें मी. कुणीं कांहीं सांगितलं नव्हतं. मला वाटलं, झालं. मी उठलें.’

मी हसायची थांबले. आत मुलगी सासूबाईंशी खिदळत होती.

‘मग?’

‘मग परत बसवली. खांदे धरून.’

‘कुणी?’ मी विचारलं. मला वाटलं, सासरचं कुणीतरी असणार. मी रागानं ताठ झाले होते. ‘कुणी बसवलं?’

‘माझ्या आईनं,’ आत्याबाई म्हणाल्या.