टेबलाखाली आम्ही दोघी

ती चार वर्षांची मुलगी माझ्याकडे आली तेव्हा कित्येक आठवडे एक शब्दही बोललेली नव्हती. वडील सैन्यात, जम्मूकडे सरहद्दीजवळ. तिथे तोफगोळ्यांचा मारा सुरू झाला तेव्हा मायलेकींनी तळघरात रात्री काढल्या होत्या. नंतर आई तिला घेऊन माहेरी, डोंबिवलीला आली. कान तपासून झाले होते, दोष काही नव्हता. न बोलणाऱ्या, अडखळणाऱ्या मुलांना बोलतं करणं हेच माझं काम, पण हिच्यापुढे माझं काही चालेना. चित्रं, बाहुल्या, साबणाचे फुगे, सगळं ती नुसती बघत बसायची.

"बोलेल ना हो ताई?" आई दर वेळी विचारायची.

"वेळ देऊया तिला," मी म्हणायचे. माझीच खात्री उडत चाललेली.

त्या दुपारी आम्ही जमिनीवर ठोकळे रचत होतो. आई बाहेर बाकावर होती. एकदम कानठळ्या बसवणारा आवाज झाला. खिडकीची काच तडकली. एमआयडीसीतल्या कुठल्याशा केमिकल कंपनीत स्फोट झालाय, हे नंतर कळलं. वळून बघते तर पोरगी जागेवर नाही.

टेबलाखाली होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात तोंडावर घट्ट. डोळ्यांत पाणी नाही. मीही वाकून आत शिरले. बाहेर माणसं ओरडत पळत होती, उग्र वास यायला लागला होता. इथून निघायला हवं, हे कळत होतं, पण तिला ओढून बाहेर काढायचा धीर होईना.

"घाबरू नको, मी आहे ना."

तिने झटकन एक हात माझ्या तोंडावर दाबला आणि कुजबुजली, "गप्प. आवाज केला की ते येतात."

आई धावत दारात आली होती. तिने ते ऐकलं आणि मटकन खाली बसली. "मीच सांगितलेलं हिला. तळघरात. रडायची थांबतच नव्हती हो…"

म्हणजे इतके दिवस लेकरू आईचं ऐकत होतं.

"मग आता तुम्हीच सांगा तिला," मी म्हटलं.

आई रांगत आत आली. "बाळा, आता बोललं तरी चालतं. ओरडलीस तरी चालेल." मुलगी तिच्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे. तशीच तिला उचलून आम्ही बाहेर पडलो.

पुढे आई रोज तेच सांगत राहिली. मुलांच्या मनावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचीही मदत घेतली. मुलगी आधी आईशी बोलली, बऱ्याच दिवसांनी माझ्याशी, तेही अडखळत. वडिलांशी फोनवर मात्र अजून कुजबुजतेच.

परवा जवळच्याच कोपर स्टेशनबाहेर रस्त्यात ट्रकचा टायर फुटला. आईने तिथूनच मला फोन लावला. "ताई, ओरडली हो! केवढ्यांदा ओरडली!"

फोनमध्ये मागे ती अजून मोठ्याने रडत होती.