जानेवारीपर्यंत न थांबलेली

हॉलंडात न्यूनेन गावी माझ्या लेकाच्या घराशेजारी एक पुण्याची बाई राहते. कोरोनात आमच्या गप्पा कुंपणावरूनच व्हायच्या. ती तिकडे चहाचा कप घेऊन, मी इकडे. भाजी महाग असो की मुलगी डचमध्ये उलट बोललेली असो, तिचं प्रत्येक बोलणं एकाच ठिकाणी येऊन थांबतं: "संपला विषय!"

तिचा नवरा हिशेबी, पण वाईट नाही हो. इथे दर वर्षी आजारपणाचा ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपल्या खिशातून करायचा असतो, त्यावरचा विमा देतो. त्याने ती रक्कम जास्तीत जास्त ठेवलेली, म्हणजे विम्याचा हप्ता कमी. वाचलेले पैसे 'दवाखाना' नावाच्या खात्यात. त्या खात्याला कुणी हात लावायचा नाही, देव्हाऱ्यासारखं!

नोव्हेंबरात हिच्या मानेत गाठ आली. इथली फॅमिली डॉक्टर म्हणाली, हॉस्पिटलात दाखवून घ्या. नवरा अंगणातच समजावत होता, "आत्ता गेलीस तर या वर्षीचे पैसे जाणार, आणि पुढच्या तपासण्यांना पुढच्या वर्षीचे पुन्हा. जानेवारीपर्यंत थांब ना."

"गाठीला कॅलेंडर कळतं का?" ही म्हणाली आणि त्याच्यासमोरच फोन लावला. ठरल्या दिवशी मास्क लावून, सायकलवर टांग टाकून निघाली.

गाठ साधी निघाली. नवरा कुंपणापाशी येऊन कुरकुरला, "बघा काकू, निघालं काहीच नाही, आणि खातं मात्र रिकामं."

मागून ही ओरडली, "'काही नाही' हे कळायचेच पैसे दिलेत मी. संपला विषय!"