हरलेला उठेपर्यंत

बाबा गेल्यापासून दुपारी एकटीच टीव्हीवर रेसलिंगचे भाग बघते, नवे थोडे, जुनेच जास्त. ही कुस्ती ठरवून केलेली असते, हे तालमीत वाढलेल्या बाबांना ठाऊक होतं. तरी हरलेला उठेपर्यंत ते टीव्ही बंद करू देत नसत. “थांब, उठू दे त्याला,” म्हणायचे. जिंकलेल्याकडे सगळेच बघतात, पडलेल्याकडे निदान एकाने बघावं, असा त्यांच्या तालमीचा शिरस्ता असावा.

आता कुस्ती संपते न संपते तोच पुढचा भाग आपोआप सुरू होतो. मी रिमोट दाबून मागे जाते, वाट बघते. आज हरलेला आडदांड गडी दोरीला धरून सावकाश उभा राहिला.

“बाबा, उठला बघा,” मी म्हटलं.

तोवर पुढचा भाग सुरू झाला होता.